‘मी कित्ती जाड झालेय!’

सासरहून आलेल्या मुलीला ‘किती वाळलीस ग!’ म्हणताना आमच्या आजीचा स्वर कापरा होई. आणि ‘अंग धरलंस हो!’ हे तर जावयाला मिळालेलं प्रशस्तिपत्रक! हेच शब्द आज माझ्या भाचीपुढे उच्चारून पाहा. पोरगी रात्री जेवायची नाही.

हे आपल्याकडेच झालं असं नाही, बरं का. फिजी बेटांवरही भरल्या अंगाचं कौतुक असे. तिथल्या एका भागात १९९५ साली टेलिव्हिजन पोचला. ॲन बेकर या संशोधक बाईंनी तेव्हा शाळकरी मुलींना विचारलं, तर वजनासाठी मुद्दाम ओकारी काढणारी एकही नव्हती. १९९८ मध्ये शंभरांत अकरा निघाल्या!

माझी ही भाची पुण्याला वसतिगृहात राहते. तिथे भज्यांची बशी आली, की एकजण म्हणणार, ‘नको बाई, मी कित्ती जाड झालेय!’ लगेच दुसरी, ‘तू कुठली जाड? माझे दंड बघ!’ तिसरी पोट दाखवते. मग सगळ्याजणी भजी फस्त करतात.

बायकांची बडबड म्हणून पुरुषमंडळी हसतील. पण अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या मुलींची नेमकी हीच बडबड मिमी निक्टर यांनी तीन वर्षं ऐकली आणि २००० साली तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं ते असं, की ‘मी जाड झाले’ ही पुष्कळदा वजनाची तक्रार नसतेच. ‘छे ग, छान दिसतेस’ एवढं ऐकायचं असतं. मन खट्टू असलं तरी तेच वाक्य. गोड खाताना इतरांनी नावं ठेवण्याआधी आपणच ठेवून घ्यायची, तरी तेच. आणि जी या सुरात सूर मिसळत नाही ती शिष्ट! मैत्रीची वर्गणीच म्हणा ना.

पण ही वर्गणी भरते कोण? दंड दाखवणारी मुलगी काडीसारखी आहे. तिच्या शेजारची खरोखरच अंगानं भरलेली. ती गप्प. ‘हिला स्वतःची एवढी लाज, तर मला पाहून काय वाटत असेल?’ हा हिशेब तिच्या मनात चालत असणारच. हल्ली ती भज्यांना येत नाही. अभ्यास आहे म्हणते.

निक्टरबाईंचं हे सगळं मी भाचीला सांगितलं होतं. परवा तिच्या खोलीतली मैत्रीण आरशापुढे तेच पालुपद म्हणू लागली. ‘छे ग’ म्हणायच्या ऐवजी भाचीनं विचारलं, ‘आज काय झालं?’ पोरगी मटकन खाली बसली. नोकरीच्या मुलाखतीतून चौथ्यांदा नकार आला होता.