देवाबद्दल चारचौघांत

शुगर किती, फ्लॅट कितीला पडला, हे आपण पहिल्याच चहाला विचारतो. पण ‘देव मानता का हो?’ म्हटलं की समोरच्याचं बिस्कीट कपात विरघळतं. अभिनेते डॉ. श्रीराम लागू आणि अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर मात्र हाच विषय घेऊन गावोगावी मंचावर बसले. लागूंचं म्हणणं, परमेश्वराला आता रिटायर करा. शेजारी बसलेले दाभोलकर सांगत, आमचं भांडण देवाशी नाही, त्याच्या नावाने होणाऱ्या लुबाडणुकीशी आहे. एकाच चळवळीतल्या दोघांनी लोकांदेखत असे मतभेद मांडावेत, हे मला नास्तिकतेपेक्षाही धाडसाचं वाटतं. (लागूंचं मला पटत नाही. आषाढीचा उपास मी करतो. साबुदाण्याच्या खिचडीसाठी म्हणा हवं तर.)