मुलाखतीचे २७५ गुण आणि तयारीचा बाजार

नवी दिल्ली : केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेचा शेवटचा टप्पा राजधानीतील शाहजहान मार्गावरच्या धोलपूर हाऊसमध्ये पार पडतो. साधारण अर्ध्या तासाच्या या भेटीला बोलीभाषेत ‘मुलाखत’ म्हणतात. आयोगाच्या लेखी ती ‘व्यक्तिमत्त्व चाचणी’ आहे. हा फरक केवळ शब्दांचा नाही. मुलाखतीची तयारी कशी करावी आणि ती किती करावी, या प्रश्नांची उत्तरे त्यातच दडलेली आहेत. देशभरातील हजारो उमेदवार मात्र ती उत्तरे शिकवणी वर्गांच्या दालनांत शोधताना दिसतात.

या टप्प्याचे महत्त्व आकड्यांवरून स्पष्ट होते. मुख्य लेखी परीक्षा १,७५० गुणांची आणि मुलाखत २७५ गुणांची, असे एकूण २,०२५ गुण असतात. म्हणजेच मुलाखतीचा वाटा साडेतेरा टक्क्यांच्या आसपास आहे. नागरी सेवा परीक्षा २०२४ साठी ९ लाख ९२ हजार ५९९ अर्ज आले. पूर्वपरीक्षेला ५ लाख ८३ हजार २१३ उमेदवार बसले, १४ हजार ६२७ जण मुख्य परीक्षेस पात्र ठरले, २ हजार ८४५ जणांना मुलाखतीचे बोलावणे आले आणि अखेर १ हजार ९ जणांची शिफारस झाली. धोलपूर हाऊसच्या दारापर्यंत पोहोचलेल्या १ हजार ८३६ उमेदवारांना रिकाम्या हाताने परतावे लागले.

साडेतेरा टक्के हा वाटा वरकरणी लहान वाटतो. परंतु शेवटच्या टप्प्यावर उमेदवारांमधील अंतर इतके कमी असते की थोडेसे गुणही क्रम बदलून टाकतात. याच परीक्षेत प्रथम आलेल्या उमेदवाराला लेखी परीक्षेत ८४३ गुण होते. दुसऱ्या क्रमांकाला ८५१, तर तिसऱ्या क्रमांकावरील पुण्याच्या उमेदवाराला ८४८ गुण होते. मुलाखतीत प्रथम क्रमांकाला २००, तर उर्वरित दोघांना अनुक्रमे १८७ आणि १९० गुण मिळाले. लेखी परीक्षेत मागे असलेला उमेदवार मुलाखतीच्या बळावर पाच गुणांनी पुढे गेला. गुणवत्ता यादीच्या तळाशी हाच हिशेब अधिक निर्णायक ठरतो. तिथे काही गुणांवर सेवा बदलते, संवर्ग बदलतो किंवा संपूर्ण वर्ष वाया जाते.

मुलाखतीला किती वजन द्यावे, हा वाद जुना आहे. अजय हासिया प्रकरणात १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशप्रक्रिया होती. लेखी परीक्षेच्या १०० गुणांच्या जोडीला तोंडी परीक्षेला ५० गुण होते आणि एकेका उमेदवाराला जेमतेम दोन-तीन मिनिटे मिळाली होती. तोंडी परीक्षेला १५ टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे मनमानीचे ठरेल, असे न्यायालयाने म्हटले. पुढे १९८५ मध्ये हरियाणा लोकसेवा आयोगाच्या भरतीसंबंधीच्या अशोक कुमार यादव प्रकरणात न्यायालयाने ही मर्यादा १२.२ टक्क्यांपर्यंत खाली आणण्याची सूचना केली. मुलाखत निरर्थक आहे, असे न्यायालयाने कधीही म्हटले नाही. माणूस पारखण्याचे ते एक साधन आहे, मात्र त्यात मर्जीला वाव राहता कामा नये, हा या निकालांचा आशय होता.

हाच धागा पुढे नेत केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’ आणि गट ‘ब’ मधील अराजपत्रित पदांसाठीच्या मुलाखती रद्द केल्या. कनिष्ठ पदांच्या मुलाखतींत वशिला आणि पैशांची देवाणघेवाण होते, ही तक्रार त्यामागे होती. अनेक राज्यांनी हे धोरण स्वीकारले. महाराष्ट्र आणि गुजरात यांनी त्यात पुढाकार घेतला. परिणामी सरकारी नोकरीच्या बहुसंख्य इच्छुकांचा मुलाखतीशी संबंध उरला नाही. ती प्रामुख्याने वरिष्ठ पदांच्या उंबरठ्यावर शिल्लक राहिली आणि तिथे तिचे मोल अधिकच वाढले.

त्या वाढलेल्या मोलावरच तयारीचा बाजार उभा राहिला आहे. मुख्य परीक्षेचा निकाल लागताच शिकवणी संस्थांकडून अभिरूप मुलाखतींची, म्हणजे ‘मॉक’ची निमंत्रणे येऊ लागतात. त्यांतील बहुतेक विनामूल्य असतात. या औदार्याचे गणित सोपे आहे. मुलाखतीपर्यंत पोहोचलेला उमेदवार अर्ध्या तासासाठी संस्थेत आला आणि पुढे यशस्वी झाला, की त्याचे छायाचित्र संस्थेच्या जाहिरातीत झळकते. एकाच यशस्वी उमेदवारावर अनेक संस्था दावा सांगतात, यामागचे रहस्य हेच आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा जाहिरातींबद्दल अनेक संस्थांना दंड ठोठावला. यशस्वी उमेदवाराने कोणता अभ्यासक्रम घेतला होता, ही मुख्य बाब जाहिरातींत दडवली जात असल्याचे त्यात निदर्शनास आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. उमेदवाराचे नाव वा छायाचित्र वापरण्यासाठी त्याची लेखी संमती, तीही निवड झाल्यानंतर, घेणे त्यानुसार बंधनकारक झाले.

जाहिरातींचा प्रश्न ग्राहकहिताचा आहे. उमेदवारांच्या दृष्टीने त्याहून गंभीर प्रश्न आहे तो साचेबद्धतेचा. दहा ठिकाणी अभिरूप मुलाखत दिलेल्या उमेदवाराला दहा परस्परविरोधी सल्ले मिळतात. एक परीक्षक सांगतो, हसतमुख राहा. दुसरा सांगतो, गंभीर राहा. ‘प्रशासनात का यायचे आहे?’ या प्रश्नाची घोटीव उत्तरे एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतात. छंदाच्या रकान्यात भरलेले ‘वाचन’ किंवा ‘योगासने’ यांवर संभाव्य प्रश्नांच्या याद्या तयार मिळतात. दिवसभर उमेदवारांना भेटणाऱ्या मंडळाला पाठ केलेले उत्तर ओळखायला वेळ लागत नाही.

आयोगाची अधिसूचना याबाबत पुरेशी स्पष्ट आहे. लेखी परीक्षेत तपासलेले ज्ञान पुन्हा तपासणे, हा या चाचणीचा हेतू नाही. ती उलटतपासणीही नाही. स्वाभाविक, परंतु दिशा असलेला संवाद तिला अपेक्षित आहे. मानसिक सजगता, तर्कशुद्ध मांडणी, निर्णयातील समतोल, रुचीची विविधता व खोली, सामाजिक ऐक्य साधण्याची व नेतृत्वाची क्षमता आणि बौद्धिक व नैतिक सचोटी हे पारखण्याचे निकष आहेत. मुलाखतीसाठी किमान उत्तीर्ण गुणांची अट नाही. उमेदवाराचे लेखी परीक्षेतील गुण मंडळासमोर नसतात. मंडळासमोर असतो तो उमेदवाराने स्वतः भरलेला तपशीलवार अर्ज.

म्हणूनच खरी तयारी या अर्जापासून सुरू होते. नाव, गाव, जिल्हा, पदवीचा विषय, आधीची नोकरी आणि छंद या प्रत्येक नोंदीतून प्रश्न निघू शकतो. जळगावच्या उमेदवाराने केळीच्या उत्पादनाचे आकडे पाठ केले, तर ती माहिती झाली. थंडीच्या कडाक्यात बागेचे नुकसान झाल्यावर हवामानावर आधारित पीक विम्याची भरपाई कशी ठरते आणि शेतकऱ्याला ती अपुरी का वाटते, हे त्याला दोन्ही बाजूंनी सांगता आले, तर तो समतोल झाला. इंदूरच्या उमेदवाराला शहराच्या स्वच्छतेबद्दल, तर वडोदऱ्याच्या उमेदवाराला सयाजीराव गायकवाड यांच्या शिक्षणविषयक कार्याबद्दल विचारले जाणे स्वाभाविक आहे. अशा प्रश्नांत स्मरणशक्तीपेक्षा आपल्या परिसराकडे पाहण्याची नजर अधिक कळते. जे ठाऊक नाही ते शांतपणे मान्य करणे हाही सचोटीचाच भाग आहे, आणि त्यासाठी कोणत्याही शिकवणीची गरज नसते.

अभिरूप मुलाखतींचा उपयोग नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. अनोळखी, वयाने व अधिकाराने मोठ्या व्यक्तींसमोर बसून बोलण्याचा सराव अनेकांना आयुष्यात प्रथमच मिळतो. ज्यांच्या घरात अधिकारी, वकील किंवा प्राध्यापक आहेत, त्यांना हा सराव जेवणाच्या ताटावरच होत असतो. तालुक्याच्या गावातून आलेल्या पहिल्या पिढीच्या पदवीधराला तो मिळवावा लागतो. मुंबईतील राज्य प्रशासकीय व्यवसाय शिक्षण संस्था, पुण्यातील ‘यशदा’ यांसारख्या सार्वजनिक संस्थांचे महत्त्व इथे आहे. बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था मुलाखतीस पात्र ठरलेल्या उमेदवारांना अर्थसाहाय्य देतात, तेही याच कारणासाठी मोलाचे आहे.

भाषेचा प्रश्नही याच विषमतेशी जोडलेला आहे. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिणाऱ्या उमेदवाराला मुलाखतही मराठीतून देता येते. तरीही इंग्रजीतून न बोलल्यास प्रभाव पडणार नाही, या धास्तीने काही जण ऐनवेळी अपरिचित भाषेचा आधार घेतात आणि विचार स्पष्ट असूनही शब्दांसाठी अडखळतात. ज्या भाषेत विचार होतो तीच भाषा निवडणे आणि पारिभाषिक संज्ञा अनुवादातही हरवणार नाहीत अशा सोप्या वाक्यांचा सराव करणे, हा अधिक सुरक्षित मार्ग आहे.

महाराष्ट्रात हा विषय आता अधिक व्यापक झाला आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेत पूर्वी ८०० गुणांची मुख्य परीक्षा आणि १०० गुणांची मुलाखत होती. वर्णनात्मक पद्धतीकडे वळताना केंद्रीय आयोगाप्रमाणेच १,७५० आणि २७५ गुणांची रचना स्वीकारण्यात आली. पुण्यातील विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर तिची अंमलबजावणी २०२५ पासून करण्याचे ठरले. दिल्लीतील तयारीचा बाजार त्याच रूपात पुण्यात अवतरण्याची शक्यता त्यामुळे वाढली आहे. मुलाखतीचे गुण वाढवताना दर्जेदार व विनामूल्य सराव जिल्हापातळीवर उपलब्ध करून देण्याची जबाबदारी राज्यावर येते. अन्यथा व्यक्तिमत्त्व पारखण्यासाठी ठेवलेले २७५ गुण प्रत्यक्षात उमेदवाराला मिळालेल्या संधीच मोजत राहतील.