यंत्राचे माप

ज्याच्या दुकानात वजनकाटा आहे, त्यास वैधमापन खात्याच्या शिक्क्याचे महत्त्व सांगावयास नको. वजनेमापे ठराविक मुदतीने पडताळून घ्यावी लागतात. बंद पुड्यावर निव्वळ वजन व कमाल किंमत छापावी लागते. हा नियम कधी जाचक वाटला तरी तो न्याय्य आहे, कारण गिऱ्हाइकास काटा उघडून पाहता येत नाही. हीच कसोटी 'स्लॉट मशीन' या जुगाराच्या यंत्रास लावून पाहावी, असे आम्ही सुचवितो.

विषय आम्हां बेळगावकरांस परका नाही. चोर्ला घाट उतरला की पणजी, आणि मांडवीच्या पात्रात कॅसिनोंची जहाजे. गोव्याच्या १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत अशी यंत्रे ठेवण्यास मुभा मिळाली, व १९९६ साली जहाजांवरील खेळांसही. उलट महाराष्ट्राने १९७६ सालीच केलेला कॅसिनो कायदा कधी अमलात आणला नाही. २०२३ साली तो रद्द करण्याचे विधेयक विधिमंडळाने संमत केले. आमची तरुण मंडळी वसुलीच्या वा खरेदीच्या निमित्ताने गोव्यास जातात व या यंत्रांपुढे बसतात, हे डोळ्यांआड करण्यात अर्थ नाही.

हे यंत्र चालते तरी कसे? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्को येथे चार्ल्स फे याने तीन चाकांचे 'लिबर्टी बेल' नावाचे यंत्र केले. अशा यंत्राच्या प्रत्येक चाकावर दहा चित्रे असतील, तर एकंदर १,००० जुळण्या होतात. चिकाटीच्या माणसास ते गणित मांडता येई. आज चाके उरली ती देखाव्यापुरती. आतील संगणक अविरत आकडे काढीत असतो, आणि कळ दाबल्याक्षणी जो आकडा निघेल तो निकाल ठरवितो. १९८४ साली इंगे टेलनेस यांना मिळालेल्या पेटंटाने तर दिसणारे चाक व खरे चाक यांची ताटातूटच केली. समोरच्या तीन चाकांवर वीस-वीस जागा दिसत असल्या, तर डोळ्यांचा हिशेब ८,००० जुळण्यांचा; पण आतील कल्पित चाकांवर चौसष्ट-चौसष्ट जागा असल्या, तर खरा हिशेब २,६२,१४४ जुळण्यांचा होतो. शिवाय प्रत्येक डाव स्वतंत्र असतो. 'इतका वेळ हरलो, आता देणारच' ही समजूत म्हणजे निव्वळ भ्रम होय.

म्हणूनच सरकारी नियमनाची आवश्यकता. अमेरिकेतील नेवाडा राज्याने १९३१ साली जुगार कायदेशीर केला. तेथील नियमानुसार यंत्राने खेळलेल्या रकमेपैकी किमान ७५ टक्के परत दिले पाहिजेत. न्यू जर्सीत हे प्रमाण ८३ टक्के आहे. यंत्राची आज्ञावली आधी तपासून घ्यावी लागते. ब्रिटनमध्ये तर परताव्याचा आकडा खेळणाऱ्यास दाखवावा लागतो. तपासनीसही तपासावा लागतो, हेही विसरता कामा नये. नेवाडाच्या नियंत्रण मंडळातीलच एका तंत्रज्ञाने यंत्रांच्या आज्ञावलीत फेरफार केल्याचे १९९५ साली उघडकीस आले.

तथापि खरी मेख पुढेच आहे. 'नव्वद टक्के परत' हे शब्द ऐकून सामान्य मनुष्य समजतो, की हजार रुपये नेले तर नऊशे घेऊन परतू. व्यापाऱ्याने तरी असे फसू नये. ही टक्केवारी भांडवलावर नसून उलाढालीवर आहे, आणि तीही लाखो डावांच्या सरासरीने. हजारांचे नऊशे झाले, ते पुन्हा लावले की सरासरीने आठशे दहा. अशा दहा फेऱ्यांनंतर साडेतीनशेही उरत नाहीत. दहा रुपयांचा डाव तासाला सहाशे वेळा खेळला, तर उलाढाल सहा हजारांची व सरासरी तूट सहाशेची. तासाला सहाशे रुपये भाडे देऊन आपण कोणती वस्तू घरी आणतो, हे ज्याचे त्याने ठरवावे.

कोणी म्हणतील, की खेळणारा स्वखुशीने येतो व सरकारास महसूल मिळतो. मान्य, पण माप न कळता दिलेल्या संमतीस आम्ही बाजारात सौदा म्हणत नाही. म्हणून आमचे मत असे, की जेथे जेथे अशा यंत्रांना परवाना आहे, तेथे परताव्याचे प्रमाण व त्याबरोबरच ताशी सरासरी तूट ही दोन्ही प्रत्येक यंत्राच्या दर्शनी भागावर, गिऱ्हाइकास कळणाऱ्या भाषेत लिहिलेली असावी, आणि त्रयस्थ तपासणीची तारीखही असावी. पुड्यावरील वजनाहून ही मागणी अधिक नाही.

आपल्या परंपरेत खोटी मापे वापरणे हा अचौर्यव्रताचा अतिचार मानिला आहे, व सप्तव्यसनांत द्यूतास पहिले स्थान दिले आहे. या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे ध्यानात ठेवावे. शासनाच्या तपासणीने पहिल्या दोषाचे निवारण होईल. दुसऱ्याचे होणार नाही. यंत्र प्रामाणिक असले तरी त्याची तूट प्रामाणिकपणेच खेळणाऱ्याच्या नावे पडते. माप खरे करून घेणे सरकारच्या हाती आहे. तो माल घ्यावयाचा की नाही, हा निर्णय मात्र आमच्या घरच्या चोपडीतच व्हावयास हवा.