सहीला साक्ष तारखेची

एटीएमच्या पोटातही संगणकच असतो. त्यातल्या विंडोजला प्रिंटर, कार्ड रीडर चालवायला ‘ड्रायव्हर’ लागतो आणि त्यावर डिजिटल सही लागते. सहीच्या प्रमाणपत्राची मुदत संपली, तर जुनी सही बाद होते का?

सब-रजिस्ट्रार निवृत्त झाले म्हणून त्यांनी नोंदवलेले खरेदीखत रद्द होते का? नाही! सही करतानाच त्रयस्थ सर्व्हरचा कालशिक्का घेतला असेल, तर ती पुढेही चालते. शिक्का नसेल, तर मुदतीबरोबर सहीही गेली. ड्रायव्हरमध्ये एक अक्षर बदलले, तरी सही नव्याने हवी. २०२१ मध्ये जुन्या पद्धतीची बहुतेक प्रमाणपत्रे संपल्यापासून विंडोजच्या गाभ्यात चालणाऱ्या नव्या ड्रायव्हरला ती मायक्रोसॉफ्टकडूनच घ्यावी लागते. सहीची तपासणीच बंद करणे म्हणजे कडी न लावता झोपणे.

मराठीत आणि कन्नडमध्येही शब्द एकच: दिनांक. तो वेळेवर घाला!