‘बाहेरून घ्या’ची नोंद कोण ठेवतं?

गेल्या आठवड्यात आमच्या इमारतीत घरकाम करणाऱ्या मावशींबरोबर पूर्व उपनगरातल्या एका सार्वजनिक रुग्णालयात गेलो होतो. मावशींना साखर आणि बीपी. सातला रांगेत, साडेदहाला डॉक्टर, साडेअकराला औषधांची खिडकी. चारपैकी दोन गोळ्या मिळाल्या. उरलेल्या दोघींभोवती पेनाने गोल केला आणि बाजूला लिहिलं, ‘बाहेरून घ्या’.

समोरच्या मेडिकलमध्ये महिन्याचे चारशे वीस रुपये झाले. मावशींनी पंधरा दिवसांच्याच गोळ्या घेतल्या. म्हणाल्या, “एक दिवसाआड खाईन दादा, महिना निघतो.”

परत खिडकीवर जाऊन विचारलं, न दिलेल्या गोळ्यांची नोंद कुठे करता? उत्तर मिळालं, “नसलेल्याची काय एन्ट्री करणार?”

मंडळी, सगळा घोळ या एका वाक्यात आहे. खिडकीमागच्या माणसावर ओरडू नका, तो फक्त निरोप्या. कागदावर मावशी म्हणजे ‘तपासलेला एक रुग्ण’. दिलेल्या दोन गोळ्या ‘खप’. न दिलेल्या दोन गोळ्या कुठेच नाहीत.

याचा परिणाम बघा. पुढच्या वर्षी किती औषध लागेल याचा अंदाज नुसत्या मागच्या खपावरून काढला की काय होतं? गोळी तीन महिने नव्हतीच, म्हणून खप कमी दिसतो. खप कमी, म्हणून मागणी कमी. मागणी कमी, म्हणून पुन्हा टंचाई. रिकामा डबाच पुढचा डबा रिकामा ठेवतो!

राज्याने २०१७ मध्ये औषधखरेदी हाफकिनच्या महामंडळाकडे दिली. २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आणलं. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाल्याची बातमी आली. औषधटंचाईचा आरोप झाला, सरकारने तो नाकारला, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. दर वेळी आपण खरेदी करणारा बदलतो. मोजायची पद्धत मात्र तीच.

तामिळनाडूने १९९४ मध्ये औषधांसाठी स्वतंत्र महामंडळ काढलं. जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामं, आणि प्रत्येक दवाखान्याला बँकेसारखं पासबुक. आपल्या वाट्याच्या रकमेत दवाखाना गोदामातून लागेल ते औषध उचलतो. आपल्या राज्याच्या आरोग्य विभागाकडेही सीडॅकने बनवलेली ‘ई-औषधी’ आहे. पण गोदामातला साठा कळला म्हणजे खिडकीवरून रिकाम्या हाताने गेलेला माणूस कळला, असं होत नाही.

मुंबईत २०२४ मध्ये ‘झिरो प्रिस्क्रिप्शन’ची घोषणा झाली. बाहेरची एकही चिठ्ठी नाही म्हणे. छान. पण शून्यावर आलो हे ठरवायचं तर आधी चिठ्ठ्या मोजायला नकोत का?

म्हणून मागण्या तीनच.

१. बाहेरच्या प्रत्येक चिठ्ठीची कार्बन कॉपी रुग्णालयाने ठेवावी आणि महिन्याचा आकडा जाहीर करावा.

२. खिडकीबाहेर फळा लावावा. आज कोणती औषधं नाहीत, किती दिवसांपासून नाहीत, कधी येणार.

३. पुढच्या वर्षीची मागणी काढताना औषध नसलेले दिवस आणि परत पाठवलेले रुग्ण धरावेत.

यासाठी ना नवीन प्राधिकरण लागतं, ना उद्घाटनाची फीत. एक वही लागते.

तोवर ती वही आपण ठेवू. ‘बाहेरून घ्या’ लिहिलेली चिठ्ठी फेकू नका. झेरॉक्स काढा, रुग्णाचं नाव झाका, अर्ज जोडा. घाटकोपरवाल्यांनी एन वॉर्डात, मुलुंडकरांनी टी वॉर्डात, बोरिवलीकरांनी आर मध्यमध्ये, अंधेरीकरांनी आपापल्या वॉर्ड कार्यालयात द्या आणि पोच घ्या. एक प्रत तुमच्या नगरसेवकाच्या हातात ठेवा.

मावशींची चिठ्ठी माझ्याकडे आहे. सोमवारी पहिला अर्ज मी देतोय. तुमच्या घरात किती चिठ्ठ्या पडल्यात?