वामनदादांची संग्रहाबाहेरची गाणी

सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १९२२ साली जन्मलेल्या वामनदादा कर्डकांचे 'वाटचाल' आणि 'मोहळ' हे गीतसंग्रह आपण वाचले असतील. तेवढ्यावर त्यांचा अभ्यास पूर्ण झाला, हे मात्र मला मान्य नाही. त्यांची रचना हजारोंच्या घरात जाते; तिचा मोठा भाग गायकांच्या वह्यांत, कॅसेटींत आणि गायन पार्ट्यांच्या कंठात राहिला. तेथे एकाच गीताचे दोन पाठ भेटतात : कोठे एखादे कडवे अधिक, कोठे शब्द निराळा. त्यांस अशुद्ध ठरवण्याची घाई आपण का करावी? मोठेपणी अक्षरे गिरवलेल्या या कवीचे गीत कागदापेक्षा सभेत अधिक जगले. वगळलेले कडवे कधी छापील कडव्याहून सरसही निघते!

वह्या जीर्ण होत आहेत, गायक वृद्ध होत आहेत. आपल्या वस्तीत १४ एप्रिलला गाणारे कोणी आजोबा असतील, तर छापील संग्रह घेऊन त्यांच्याकडे जा. पाठभेद आढळल्यास दोन्ही पाठ उतरवून घ्या. गायकाचे नाव आणि तारीख लिहा. दुरुस्ती मात्र करू नका.