आपली हकिकत आपल्या तोंडून

हिंदी बोलपटाची पहिली नायिका सुरतेची. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमागृहात ‘आलम आरा’ लागला आणि पडद्यावरची माणसं बोलू लागली. त्यातली झुबेदा १९११ साली आपल्या या शहरात जन्मली. तिची आई फातमा बेगम तिच्याही दोन पावलं पुढे होती. बायकांची कामं पुरुष करत त्या काळात, १९२२ साली, ती ‘वीर अभिमन्यू’त कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. चारच वर्षांत तिनं स्वतःची कंपनी काढली आणि ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला. देशातली पहिली स्त्री दिग्दर्शक म्हणून तिचं नाव घेतलं जातं.

सुरतेहून मुंबईच्या गाडीत बसलं की उधना, भेस्तान मागे पडतात आणि सचिन येतं. आज सचिन म्हटलं की आपल्याला औद्योगिक वसाहत आठवते. पण एके काळी ते संस्थान होतं. तिथल्या नवाबांशी फातमा बेगमचं नाव जोडलं जातं, पण निकाहाचा कागद कुठे मिळत नाही. ‘आलम आरा’ची प्रत उरली नाही, ‘बुलबुल-ए-परिस्तान’चीही नाही. आणि या मायलेकींनी स्वतःविषयी सांगितलेलं असं आपल्या हाती जवळपास काहीच नाही. नवाबाची बेगम, नवाबजादी, देखणी, धाडसी ही सगळी दुसऱ्यांनी लावलेली विशेषणं. पहाटे चेहऱ्याला रंग लावताना त्यांच्या मनात काय चालायचं, कंपनी काढताना पैसा कुणापुढे मागावा लागला, लोकांच्या बोलण्याचं त्यांना काय वाटायचं, हे विचारायला आता कुणी उरलेलं नाही. ही उणीव मनाला फार लागते, आणि यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय तिथूनच सुचला.

मराठी नट्या या बाबतीत निराळ्या निघाल्या. शांता आपटे यांनी १९३९ साली पुण्यात ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या फाटकाशी उपोषण केलं आणि पुढच्याच वर्षी ‘जाऊ मी सिनेमांत?’ हे पुस्तक लिहिलं. ‘कुंकू’ चित्रपटातली नीरा लादलेला संसार नाकारते. ती भूमिका करणाऱ्या बाईनं आपल्या धंद्यातला व्यवहारही तितक्याच रोखठोकपणे मांडला. पुढे लीला चिटणीस यांचं ‘चंदेरी दुनियेत’ आलं, दुर्गा खोटे यांचं ‘मी, दुर्गा खोटे’ आलं. प्रसिद्धीच्या शिखरावर जाऊन आलेल्या या बायकांनी तिथलं ऊन आणि वारा दोन्ही सांगितले.

पण या सगळ्यांत जिवाला चटका लावतं ते हंसा वाडकर यांचं ‘सांगत्ये ऐका’. जन्मनाव रतन साळगावकर. सिनेमात नाव बदललं, मग माणूसही हळूहळू बदलत गेलं. ‘संत सखू’त भक्तीनं ओथंबलेली सखू त्यांनीच केली आणि ‘लोकशाहीर रामजोशी’तली बयाही त्यांचीच. आत्मकथनाच्याच नावाचा त्यांचा ‘सांगत्ये ऐका’ हा चित्रपट पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे चालला. इतकी माणसं जिच्यासाठी तिकिटाच्या रांगेत उभी राहिली, त्या बाईला घरात मात्र सुखाचा कोपरा मिळाला नाही. फसलेला संसार, दारू, मराठवाड्यातल्या एका घरात बंदिस्त काढलेले दिवस हे सगळं त्यांनी अरुण साधू यांच्याजवळ सांगितलं. ते ‘माणूस’ साप्ताहिकातून छापून आलं आणि १९७० साली त्याचं पुस्तक झालं. पुढच्याच वर्षी त्या गेल्या.

त्या पुस्तकातला सूर ध्यानात घ्यावा असा आहे. त्या स्वतःची वकिली करत नाहीत आणि स्वतःला शिक्षाही सुनावत नाहीत. ‘हे माझ्या हातून झालं, हे माझ्यावर आलं’, अशी सरळ मांडणी आहे. मी सध्या स्वतःला स्वीकारण्यावरची भाषणं खूप ऐकते, त्यांत आरशापुढे उभं राहून गोड बोलायला सांगतात. हंसाबाईंनी जे केलं ते याहून कठीण होतं. त्यांनी आपल्या आयुष्यातलं एकही पान न फाडता ते लोकांपुढे ठेवलं.

याच हकिकतीवरून श्याम बेनेगल यांनी १९७७ साली ‘भूमिका’ हा चित्रपट केला आणि त्यातल्या उषाचं काम स्मिता पाटील यांना दिलं. विशी नुकतीच ओलांडलेली ही मुलगी एका पिकल्या, थकल्या नटीचं अख्खं आयुष्य जगली. शेवटी लेक ‘घरी चल’ म्हणते, तरी उषा एकटीनं राहायचं ठरवते. त्या क्षणी स्मिताच्या चेहऱ्यावर ना रडणं, ना विजय. दमलेल्या बाईनं अखेर स्वतःच्या खोलीचं दार उघडावं, एवढंच तिथे दिसतं. या कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

स्मिता आपली. घराणं शिरपूरचं, म्हणजे उधन्याहून निघणाऱ्या ताप्ती लाइनच्या मुलखातलं. सुरतेच्या लिंबायत, डिंडोली, पांडेसरा इथली किती घरं त्याच मुलखातून आली! आणि या खानदेशी लेकीनं गुजरातच्या बायका काय ताकदीनं उभ्या केल्या! ‘मंथन’ हा चित्रपट गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून काढला. त्याच्या चित्रीकरणाला आलेल्या पाहुण्यांना गावातल्या बायकांत बसलेली नायिका ओळखता आली नाही, अशी आठवण सांगतात. ‘भवनी भवाई’ तर गुजराती भाषेतलाच. ‘मिर्च मसाला’तली सोनबाई सुभेदारापुढे झुकत नाही, तो चित्रपट लागला तेव्हा स्मिता हयात नव्हती. सावळा रंग उजळण्याच्या भानगडीत ती पडली नाही. ‘चक्र’ चित्रपटाच्या जाहिरातीत तिचं न्हातानाचं चित्र ठळक छापलं, तेव्हा ते तिला आवडलं नाही आणि तसं ती उघड बोलली. दुसऱ्याचं आयुष्य इतकं मनापासून जगणारी बाई आपल्या शरीराची, आपल्या नावाची मालकी कुणाला देत नव्हती. तिची कला आणि तिचा ताठ कणा मला वेगळे काढता येत नाहीत.

आज कॅमेरा प्रत्येकीच्या हातात आहे. फोनमध्ये बोट फिरवलं की रंग गोरा होतो, नाक सरळ होतं. लिंबायतच्या गल्लीतली मुलगीही दिवसाला दहा वेळा नटी होते, आणि किती जणांनी पाहिलं याचा आकडा मोजत झोपी जाते. तिच्या शेजारी ट्यूबलाइटखाली तिची आई साडी मांडीवर घेऊन टिकल्या चिकटवत असते. बोटांना सरस लागलेला, डोळे चुरचुरताहेत, दुसऱ्या दिवशी माल द्यायचा आहे. ती साडी नेसून मिरवणारीचा फोटो निघेल. तिच्यावर टिकली बसवणारीची हकिकत कोण लिहील?

ती तिनंच सांगितली पाहिजे, असं या अंकाचं म्हणणं आहे. म्हणून नट्यांच्या आत्मकथनांवरच्या लेखांबरोबर आम्ही सुरतेतल्या मराठी बायकांची कथनं छापली आहेत. काही मराठीत, काही अहिराणीत, काहींच्या बोलण्यात गुजराती मिसळलेली. शब्द जसे आले तसे ठेवले. लिहिता न येणाऱ्यांनी सांगितलं, लेकीसुनांनी उतरवून घेतलं. काहींनी घरच्यांचा राग ओढवून घेतला. त्यांचे आभार मानायला आमचे शब्द अपुरे आहेत.

वाचकहो, फराळाचा घाणा उतरला, घर शांत झालं की आपल्या आईला, सासूला, शेजारणीला एकदा विचारा, ‘तुमचं कसं गेलं?’ मध्ये न बोलता ऐका आणि जमलं तर लिहून आमच्याकडे पाठवा. पुढचा दिवाळी अंक त्या हकिकतींचाच करू.

— संपादक, सुरत